बारा मिलिमीटर

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात आला, तेव्हा मी संगमरवराच्या भुकटीने इतकी पांढरी झाले होते की त्याला मी विकायला ठेवलेला पुतळा वाटले. माझ्या शेजारून तो सरळ आत गेला आणि रिकाम्या खोलीला विचारलं, "कोणी आहे का?"

"आहे की," मी मागून म्हटलं.

तो दचकला. हातातली फाइल सुटली, छताच्या पंख्याने कागद दुकानभर उडवले, आणि ते गोळा करायला वाकला तर त्याला शिंका सुरू झाल्या. सातव्या शिंकेपर्यंत मी मोजल्या, मग दया येऊन पाण्याचा पेला पुढे केला.

"माफ करा," तो डोळे पुसत म्हणाला. "उस्ता खल्लाफांना भेटायचं होतं. मी हातिम अल-बद्री. इंजिनियरिंगच्या फॅकल्टीतून आलोय."

"कुठल्या?"

"आपल्या. बनी रकाबच्या."

"बनी रकाबला इंजिनियरिंगची फॅकल्टी नाही, बाशमुहंदिस."

"होणार आहे ना…" त्याने चष्मा पुसला, पण भुकटीने माखलेल्या बोटांनीच. "सध्या मी एकटाच आहे."

आमच्या गावात नळ दुरुस्त करणाऱ्यालाही बाशमुहंदिस म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे खराखुरा इंजिनियर समोर आला की माणूस जरा गोंधळतो. मी तर जास्तच गोंधळले, कारण ते दोन शब्द — इंजिनियरिंगची फॅकल्टी — मी आठ वर्षं कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. आठ वर्षांपूर्वी बारावीला मला चांगले चौऱ्याण्णव टक्के पडले होते. पण सगळ्यात जवळची फॅकल्टी, म्हणजे कॉलेज, रेल्वेने चार तासांवर, आणि माझ्या वडिलांचा, म्हणजे दुकानातले मुख्य कारागीर उस्ता खल्लाफ यांचा, कायदा असा की मुलगी झोपायला आपल्याच छपराखाली असली पाहिजे. चार तास जायला, चार तास यायला. झोपायला वेळच उरत नव्हता. मी इथेच कॉमर्सचा डिप्लोमा केला आणि वडिलांची बोटं थरथरायला लागली तशी त्यांची छिन्नी हातात घेतली. दगडांच्या कोपऱ्यात नाव अजून त्यांचंच असतं. अक्षरं माझी असतात.

हातिमला उद्घाटनाची पाटी हवी होती. एक मीटर लांब, चार सेंटिमीटर जाड पांढरा संगमरवर, त्यावर आठ ओळी: अमुक मंत्र्यांच्या आश्रयाखाली, तमुक गव्हर्नरांच्या उपस्थितीत, कुलगुरू हे, आणि शेवटी दोन्ही तारखा, हिजरी आणि इंग्रजी. उद्घाटन जुलैच्या वीस तारखेला. त्याने खिशातून व्हर्नियर काढून दगडाची जाडी मोजली.

"चाळीस मिलिमीटर. बरोब्बर," तो खूश होऊन म्हणाला.

"कमी भरला असता तर?"

"तर परत यावं लागलं असतं."

"एवढ्या शिंका देऊन?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाऊस पडत नाही; प्रेमात पडणाऱ्यांची भिजायची वगैरे काही सोय नाही. धूळ मात्र मुबलक. त्या धुळीत तो आठव्यांदा शिंकला, हसला आणि निघून गेला, आणि मी छिन्नी चुकीच्या ओळीवर ठेवली.

पाटी तयार झाली त्याच दिवशी मंत्री बदलला.

गुरुवारी हातिम नवं नाव घेऊन आला. त्याच्यामागे विद्यापीठाच्या जनसंपर्क खात्याचे उस्ताज फहमी होते. या माणसाच्या कपाळावर घाम आणि काखेत फाइल कायमची. फहमींना वाटलं होतं, एक नाव खोडून दुसरं घालायला किती वेळ लागतो.

"दगड आहे, वही नाही," माझे वडील म्हणाले. "एक ओळ घासली तर तिथे खड्डा पडेल. सगळा चेहरा घासायचा, मग आठही ओळी पुन्हा."

"नवा दगड घ्या मग."

"घेऊ," हातिम म्हणाला, "पण मंजुरी एकाच दगडाची आहे. दुसऱ्यासाठी समिती, तीन निविदा, दोन महिने…"

फहमींनी कपाळ पुसलं. वडिलांनी ग्राइंडर लावला. सहा मिलिमीटर दगड धूळ होऊन उडाला आणि हातिमला अकरा शिंका आल्या. मी आठ ओळी पुन्हा कोरल्या. उरले चौतीस.

मग गव्हर्नरांची बदली झाली. उरले अठ्ठावीस. मग इमारतीच्या रंगाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं आणि तारीख ऑगस्टच्या शेवटी गेली. उरले बावीस. दर गुरुवारी दुपारी, उन्हाने रस्ता ओस पडला की हातिम नाकाला रुमाल बांधून दारात उभा राहायचा. त्या रुमालामुळे फक्त डोळे दिसायचे, आणि ते डोळे… जाऊ दे. आई त्याच्यासाठी उन्हात फुगवलेली शम्सी भाकरी आणि जुनं चीज पाठवू लागली. "अलेक्झांड्रियाचं पोर आहे, मासे खाऊन वाढलेलं, इथे वाळत चाललंय," असं तिचं म्हणणं. वाळत वगैरे काही नव्हता; उलट भाकरीने पट्टा एक भोक पुढे सरकला होता.

मी कोरायची, तो स्टुलावर बसून फॅकल्टीबद्दल बोलायचा. ड्रॉइंगच्या हॉलमध्ये साठ बाकं आली, पण साठही डावखुऱ्यांची. लोखंड ताणून तोडायचं यंत्र आलं, पण ते दारातून आत जात नव्हतं, म्हणून भिंत पाडली. आता भिंत आल्यावर फॅकल्टी पूर्ण.

"ते यंत्र करतं काय नेमकं?" मी एकदा विचारलं.

"कुठलीही गोष्ट किती ताण सोसते ते सांगतं. हळूहळू ओढत जायचं, आणि तुटायच्या आधी ती थोडी लांबते, बारीक होते… तेव्हा कळतं की आता वेळ आली."

"माणसांसाठी आहे का तसलं काही?"

"माणसांसाठी उस्ताज फहमी आहेत," तो म्हणाला आणि मी इतकी हसले की ग्राइंडर बंद करून वडिलांनी विचारलं, काय झालं म्हणून. अर्धे बहिरे आहेत ते. तीस वर्षं ग्राइंडरशेजारी काढली की कान जातात.

त्याने मला वर्तुळाला स्पर्श करणारी रेषा भूमितीने काढायला शिकवलं, मी त्याला छिन्नी कशी धरायची ते. छिन्नी शिकवताना हात धरावा लागतो. वर्तुळ शिकवताना लागत नाही, तरी त्याने धरला होता.

माझी पंचाईत तुम्हाला समजली असेलच. उद्घाटन झालं की पाटीचं काम संपलं, आणि त्याचं येणंही. उद्घाटन झालं नाही तर त्याहून वाईट: वर्ष सुरू व्हायच्या आत फॅकल्टी उघडली नाही, तर विद्यापीठाच्या वरच्या मंडळाच्या नियमाने पहिली साठ मुलं दुसऱ्या शहरांत वाटली जाणार आणि उसना आणलेला बाशमुहंदिस अलेक्झांड्रियाला परत. त्या साठांत अठरा मुली होत्या. अठरा घरांत अठरा बाप आणि प्रत्येकाचं आपापलं छप्पर. मला फॅकल्टी हवीच होती, मनापासून. फक्त… जरा सावकाश.

चौथ्या दुरुस्तीला कारण घडलं ते गव्हर्नरांच्या आजोबांचं. हातिम म्हणाला, नव्या गव्हर्नरांना आपल्या नावात आजोबांचंही नाव हवं आहे. आजोबा सरहान. वडील पुटपुटले की गव्हर्नरांना आजोबा आजच आठवले का, आणि ग्राइंडर लावला. उरले सोळा.

पाचवी माझ्यामुळे झाली. म्हणजे, पाटी तयार करून मी पाठवली, आणि गुरुवारी हातिम ती गाढवाच्या गाडीवरून परत घेऊन आला. तीत हिजरी तारीख नव्हती. नुसती इंग्रजी, ओळीच्या मधोमध; दुसरीला जागाच उरली नव्हती.

"असं कसं झालं, कवसर?" वडिलांनी विचारलं. तीस वर्षांत आमच्या दुकानातून एकच तारीख घालून दगड गेला नव्हता.

"उन्हाने डोकं दुखत होतं, अबूया."

"दुखतं असं कधी कधी," हातिम घाईने म्हणाला. "माझंही दुखतं."

वडिलांनी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा लावला. उरले दहा.

दहावर दगड कसा हाताळतात माहीत आहे? झोपलेल्या तान्ह्या बाळासारखा. चार जणांनी सपाट धरून तो दुकानाच्या मधोमध दोन फळ्यांवर ठेवला आणि आम्ही सगळे कुजबुजत बोलू लागलो. शनिवारी उद्घाटन, रविवारी वर्ष सुरू. सगळं ठरलं होतं.

गुरुवारी दुपारी फहमींचा फोन आला. वडिलांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. फहमी रडत नव्हते, पण आवाज त्याच वाटेवर होता. मंत्रिमंडळ बदललं होतं. नवा मंत्री.

हातिम धावत आला. रुमाल बांधायचं विसरला होता, तरी शिंकला नाही. त्या दिवशी शिंकाही घाबरल्या असाव्यात. व्हर्नियर लावून त्याने चारही कोपरे मोजले.

"दहा. मध्ये तर साडेनऊच."

"घासला तर?"

"चार उरतील. त्याच्यावर कोरायचं म्हणजे… आरपार." तो स्टुलावर बसला. "पाटीशिवाय गव्हर्नर येणार नाहीत. ते आले नाहीत तर उद्घाटन नाही. सोमवारी मी अलेक्झांड्रियाच्या गाडीत."

वडील मागच्या बाजूला चहा करत होते. पंखा फिरत होता. दगडावर आठ ओळी, माझ्या हातच्या, आणि त्यांतल्या पहिलीत एक निरुपयोगी मंत्री. मला खरं बोलल्याशिवाय राहवेना.

"बाशमुहंदिस," मी म्हटलं, "ती हिजरी तारीख… मी विसरले नव्हते."

"म्हणजे?"

"मुद्दाम सोडली होती."

त्याने चष्मा काढला. तो पुन्हा भुकटीच्याच बोटांनी पुसला.

"गव्हर्नरांचे आजोबा आहेत ना," तो म्हणाला, "सरहान…"

"हो?"

"त्यांच्या आजोबांचं नाव काय, मला माहीत नाही."

"मग सरहान कोण?"

"माझे आजोबा."

मी दगडाकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीत, गव्हर्नरांच्या नावामागे, काळ्या सुबक अक्षरांत अलेक्झांड्रियाचे एक अनोळखी म्हातारे ऐटीत बसले होते. उस्ताज फहमींनी ते तीनदा तपासून सही केली होती.

"काय करायचे तुमचे आजोबा?"

"मासे विकायचे."

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, म्हणून मी दोन्ही करून टाकलं. भुकटीच्या चेहऱ्यावर अश्रूंचे चर निघाले असणार, कारण तो रुमाल शोधत सगळे खिसे तपासू लागला.

"सहा तुमचे, सहा माझे," मी म्हटलं. "बारा मिलिमीटर खाल्ले आपण दोघांनी. ते असते तर आज बावीस असते. आरामात दोन मंत्री सोसले असते."

"मला दर गुरुवारी काहीतरी कारण लागत होतं, आन्सा कवसर," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आठवडाभर मी वाट पाहायचो की कुणीतरी राजीनामा द्यावा. एखादा गुरुवार कोरडा गेला की… मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. पुतळा वाटलात तेव्हापासून."

"मला पण," मी म्हटलं. अगदी असंच, जसं कुणी भाकरी हवी का विचारल्यावर म्हणतात. आठ ओळी कोरायला मला दोन दिवस लागतात. हे दोन शब्द आपोआप पडले.

"झालं तुमचं?" मागून आवाज आला. वडील चहाचं तबक घेऊन उभे होते. तीन पेले, पुदिना घातलेला चहा.

"अबूया, तुम्ही ऐकलंत?"

"ग्राइंडर चालू असला की मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आता बंद आहे."

हातिम उठून उभा राहिला, स्टूल पडलं. वडिलांनी त्याला बसायची खूण केली; पण स्टूल पडलेलं, म्हणून तो नुसताच वाकला.

"आधी दगड," वडील म्हणाले. "बाकीचं नंतर. कवसर, डोकं चालव. चौऱ्याण्णव टक्के कशाला पडले होते?"

आठ वर्षांत ते टक्के त्यांनी पहिल्यांदा उच्चारले. मी डोळे पुसले आणि डोकं चालवलं.

"घासायचा नाही," मी म्हटलं. "फक्त पहिली ओळ बुजवायची. संगमरवराची भुकटी आणि राळ, वरून हलका पॉलिशकागद फिरवायचा. आणि तिथे नवं नाव कोरायचं नाही. रंगवायचं."

वडिलांचा चेहरा आंबट झाला. रंगवलेलं नाव म्हणजे त्यांच्या लेखी साबणाची जाहिरात. "ओल्या फडक्याने पुसलं तर जाईल ते."

"मंत्री तेवढे टिकले तर ना, उस्ता," हातिम म्हणाला.

वडिलांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच आवडल्यासारखं पाहिलं. "भुकटी चाळ," त्यांनी फर्मावलं. "आणि तुझ्या आजोबांनाही बुजव. अल्ला त्यांना सुखात ठेवो, पण गव्हर्नरांशी त्यांचं काही नातं नाही."

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही तिघांनी ते केलं. हातिमने भुकटी चाळली, अठरा शिंका दिल्या आणि एकदाही बाहेर गेला नाही.

शनिवारी ती पाटी फॅकल्टीच्या दारावर चढली, पुढे हिरवा रेशमी पडदा. मंत्री आले नाहीत. त्यांच्या वतीने एक अधिकारी आला आणि तो अर्धा वेळ घड्याळ पाहत होता. गव्हर्नरांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, बायकांनी आनंदाच्या लांब किलकारीची झग्रूत घातली. रिवाजाप्रमाणे गव्हर्नरांनी मंत्र्यांच्या नावावरून आदराने बोट फिरवलं. रंग ओला होता.

फहमींनी डोळे मिटले. गव्हर्नरांना काही कळलं नाही. ते वळले, या फॅकल्टीचा पहिला इंजिनियर कोण विचारलं, आणि हातिमचा गाल बापाच्या मायेने थोपटला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला: गव्हर्नर हसताहेत, हातिम ताठ उभा आहे, आणि त्याच्या गालावर नव्या मंत्र्याच्या अर्ध्या आडनावाचा काळा पट्टा. तो फोटो आईने फ्रिजवर लावला आहे.

गर्दी पांगल्यावर मी ड्रॉइंगच्या हॉलमध्ये गेले. साठ डावखुरी बाकं रांगेत होती, भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता. पहिल्या रांगेतल्या एका बाकावर मी बसले. मला इथे अठराव्या वर्षी बसायचं होतं. वाईट वाटलं, खूप. ते लपवत नाही. मग दारातून मुली आल्या, तिघी, नव्या वह्या छातीशी धरून, आणि एकीने मला विचारलं, "मॅडम, ही बाकं उलटी का आहेत?" मी उठून तिला जागा दिली.

पुढचा गुरुवार आला. मंत्री जागेवर, गव्हर्नर जागेवर, तारीख होऊन गेलेली. दुरुस्ती कसलीच नव्हती. मी सकाळपासून एका खाटकाच्या दुकानाची पाटी कोरत होते आणि दर दोन अक्षरांनी रस्त्याकडे पाहत होते. दुपार झाली. रस्ता ओस पडला. वडिलांनी मला दोनदा सांगितलं की खाटकाचं नाव मी जास्तच खोल कोरते आहे.

मग गाढवाची गाडी थांबली. तीतून आधी हातिम उतरला, नाकाला रुमाल, अंगात त्या उन्हात कोट. मग त्याची आई, मग काका, अलेक्झांड्रियाहून रात्रभर प्रवास करून आलेले, हातात मिठाईचा खोका. आणि मग चौघा हमालांनी एक दगड उतरवला.

"हे काय?" वडिलांनी विचारलं.

"पाटी करायची आहे, उस्ता," हातिम म्हणाला. "घराच्या दाराची. मजकूर आणलाय." त्याने कागद पुढे केला. वडिलांनी चष्मा लावून वाचला आणि माझ्या हातात दिला. दोनच नावं होती, एकाखाली एक. त्याचं आणि माझं.

मी कागदाकडे पाहत राहिले. सगळे माझ्याकडे पाहत होते. काकांच्या हातातला खोका हळूहळू कलंडत होता.

"यात चूक आहे," मी म्हटलं.

हातिमचा चेहरा पडला. "कसली?"

"तारीख नाही. आमच्या दुकानातून तारखेशिवाय दगड जात नाही. दोन्ही लागतात."

"तारीख मी सांगेन," वडील म्हणाले आणि हातिमच्या आईला आत यायला जागा करून दिली.

मग त्यांनी हातिमच्या खिशातलं व्हर्नियर स्वतःच काढून घेतलं, दगडाला लावलं आणि भुवया वर केल्या. "दारावरच्या पाटीला दहा सेंटिमीटर? कशाला?"

हातिमने रुमाल खाली ओढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दुरुस्त्या होतील ना, उस्ता," तो म्हणाला. "आयुष्यभर पुरायला हवा."